खो कोणाला द्यायचा?

धाराशिव जिल्ह्यात मुलींच्या खो-खोचा विषय निघाला की सारिका काळे यांचं नाव येतंच. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारीही झाल्या. जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवून आपण खेळलो, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

कष्टाचं चीज होतं, हे पटवायला आपण ही गोष्ट पोरींना सांगतो. मला मात्र इथे एक अडचण दिसते. पदक मिळालं म्हणून अर्धपोटी पळणं सार्थ झालं, असं म्हटलं तर जिला पदक मिळालं नाही तिचं पळणं वाया गेलं का? तिला पळवणाऱ्या प्रशिक्षकाचं चुकलं का?

हा प्रश्न इथे हवेतला नाही. भूम, वाशी, कळंब भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबं निघतात. अकरा-बारा वर्षांची एखादी पोर खांबाला वळसा घालायला, सूर मारायला नुकती शिकलेली असते, आणि घरचा कोयता निघाला की चौकातली तिची जागा रिकामी होते. स्पर्धांचे दिवसही साधारण तेच. मग प्रशिक्षक हिशेब करतो: जी टिकणार नाही, तिच्यावर वेळ का घालवायचा?

हा हिशेब दुष्टपणाचा नाही. मैदान एक, शिकवणारा एक, मुली तीस. शिवाय राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. गुणी मुलीकडे जास्त लक्ष देणं म्हणजे कदाचित एका घराचं दारिद्र्य संपवणं. त्याला पक्षपात म्हणून मोकळं होता येत नाही.

यावर खेळातूनच एक उत्तर दिलं जातं. खो-खोत आठ जणी बसतात आणि एक पळते. पळणारीला माघारी वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणून खो सर्वांत चपळ मुलीला नव्हे, तर जिथे गरज आहे तिथे बसलेलीला द्यावा लागतो. त्या आठांतली एक कच्ची असली की समोरची मुलगी तिच्याच आजूबाजूला घुटमळते. तेव्हा सगळ्यांना शिकवा, म्हणजे जिंकाल.

युक्तिवाद चांगला आहे, पण अपुरा. तो अजूनही जिंकण्याच्याच जोरावर उभा आहे, आणि ऊसतोडीला जाणारी मुलगी त्या आठांत नसतेच.

मला वाटतं, उत्तर तिच्या आजच्या दिवसात शोधायला हवं. अकरावं वर्ष म्हणजे विसाव्या वर्षाची नुसती तयारी नव्हे. पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं यांतून सुटलेला संध्याकाळचा एक तास तिचा स्वतःचा असतो. पाठीवर थाप पडते, खो ऐकू येतो, ती उठते आणि नऊ जणींचा डाव क्षणभर तिच्यावर असतो. हे त्याच संध्याकाळी पूर्ण होतं. त्याला पुढच्या पदकाची पावती लागत नाही.

म्हणून सामन्यासाठी निवड करावी, शिकवण्यासाठी करू नये. सामन्यात कुवत पाहावी. सरावात प्रत्येकीला तिची पाळी मिळावी. आणि पळवण्याआधी पोरगी जेवली आहे का, हे विचारावं. नसेल तर आधी शेंगदाणे-गूळ, मग धावणं. उपासमार सोसून कुणी मोठं झालं, म्हणून ती प्रशिक्षणाचा भाग होत नाही.

याची किंमत आहे. एखादा चषक जाईल, शाळा तोंड वाकडं करेल. पण कारखाने बंद झाले की ती मुलगी परत येते. रापलेली, महिन्यांचा सराव बुडालेली, मैदानाच्या कडेला उभी. तिला कुठल्या चौकात बसवायचं, हे प्रशिक्षकाने त्याआधीच ठरवलेलं असावं.