साक्षीदार लिबेट

ईईजीच्या तारा लोकांच्या डोक्याला चिकटवण्यात माझी नोकरी सरली. त्यामुळे आमचे भावोजी गीतेचा तिसरा अध्याय काढून ‘आपण कर्ते नाही, हे विज्ञानानंही सिद्ध केलंय’ म्हणतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

त्यांचा पुरावा म्हणजे बेंजामिन लिबेटचा १९८३चा प्रयोग. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि इच्छा झाली तेव्हा तबकडीवरचा फिरता ठिपका कुठे होता, ते सांगायचं. इच्छा हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी जाणवली. ईईजीत दिसणारा मेंदूतल्या विद्युत संकेताचा चढ मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू. म्हणजे ठरवलं मेंदूनं, आपण नुसते बघे!

पण ईईजीचा कच्चा आलेख पाहिलेल्यांना विचारा. पापणी लवली, दात आवळले, की रेघा वेड्यावाकड्या. एकाच हालचालीत हा चढ सहसा ओळखूच येत नाही. लिबेटनं ४० हालचालींचे आलेख, हालचालीचा क्षण जुळवून, एकत्र केले आणि सरासरी काढली. चढ आला पण मनगट हललंच नाही, अशा वेळा त्यात येणार कुठून? २०१२मध्ये आरन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप मांडलं: मेंदूतले आपोआपचे चढउतार हालचालीचा उंबरठा ओलांडताना पकडले, तर सरासरीत असाच चढ उमटतो.

यानं इच्छास्वातंत्र्य सिद्ध होत नाही, हेही खरं. लिबेट स्वतः शेवटच्या क्षणी नकार देण्याची मुभा मानत होता. तीही वादातच आहे. शिवाय मनगट हलवणं आणि वडिलोपार्जित जमीन विकायची का हे ठरवणं, यांत केवढं अंतर!

भावोजींनी गीता खुशाल सांगावी. लिबेटला साक्षीला बोलावू नये.