वसविणें आणि समर्थ करणें

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे निघालें, कीं पायथ्याशीं पोफळी लागते. तेथील डोंगराच्या पोटांत कोयनेचें वीजगृह आहे. कृष्णेवाटे पूर्वसमुद्रास जावयाचें पाणी बोगद्यांतून येथें उतरतें, चक्रें फिरवितें आणि पुढें वाशिष्ठीवाटे पश्चिमसमुद्रास मिळतें. १९६२ सालीं येथें वीज सुरू झाली. नदीनें वाट बदलली, हें कोणीही सांगेल. परंतु ज्यांचीं गांवें शिवसागराखालीं गेलीं, त्यांस आपण काय देणें लागतों हें सांगतांना भाषा अडखळते.

इंग्रजींत याकरितां दोन शब्द आहेत : 'रिसेटलमेंट' आणि 'रिहॅबिलिटेशन'. व्यवहारांत आपण दोहोंसही 'पुनर्वसन' म्हणतों. पहिल्याचा अर्थ पुन्हा वसविणें. दुसऱ्याच्या मुळाशीं 'समर्थ' या अर्थाचा 'हॅबिलिस' हा लॅटिन शब्द आहे. पदच्युतास पूर्वीचा अधिकार व मान परत देणें, हा त्याचा जुना उपयोग. पहिला शब्द जागेचा, दुसरा सामर्थ्याचा.

कोयनेचीं गांवें बुडालीं, तेव्हां १८९४ चा भूसंपादन कायदा होता, आणि तो भरपाईपुरताच बोले. राज्याच्या १९७६ च्या कायद्याच्या इंग्रजी नांवांत 'रिसेटलमेंट' आलें, १९८६ च्या नांवांत 'रिहॅबिलिटेशन'. केंद्राच्या २०१३ च्या कायद्यानें दोन्ही शब्द शेजारीं ठेविले, तेव्हां मराठींत 'पुनर्वसन व पुनर्वसाहत' अशी जोडी झाली. परंतु दोहोंचा धातु 'वस्' हाच. सामर्थ्याचा अर्थ एकांतही उतरला नाहीं.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा काथ्याकूट आहे; घर दिलें, जमीन दिली, ऋण फिटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यास आपलें रान, आपलें पाणी आणि अडल्या वेळचा शेजारी ठाऊक होता, त्यास परक्या मातींत चार भिंती दिल्यानें तो वसेल. समर्थ होईलच असें नाहीं. वसविण्याचें काम पुरें झालें, असें देणारा दप्तरांत नोंदवूं शकतो. समर्थ झाल्याची साक्ष मात्र घेणाऱ्यानेंच द्यावयाची असते.

सामर्थ्य कोणी कोणास देऊं शकत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु ज्यानें तें हिरावलें, त्यानें तें परत येईपर्यंत आपलें ऋण फिटलें असें म्हणूं नये. पोफळीच्या विजेचा प्रकाश आम्हीं घेतला आहे. तेव्हां त्या ऋणांत आमचाही वांटा आहे.