खरा तपशील कोणाला जामीन राहतो?

ऐतिहासिक कादंबरीतल्या चुका हुडकणाऱ्या वाचकांची आपल्याकडे वाण नाही. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या चुलीवर मिरचीची फोडणी पडली, की लेखकाची खैर नाही. कारण मिरची मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात इकडे रुजली आणि ज्ञानेश्वरी तर १२९० सालची. शिवकाळातला मावळा ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणाला तरी तेच. तेव्हा वेळ घटकांनी मोजत: तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटे. असा तपशील बिनचूक असावा, यावर कुणाचे दुमत नाही. तो का असावा, हे विचारले तर मात्र ‘वातावरणनिर्मितीसाठी’ एवढेच उत्तर मिळते. ते अपुरे आहे. हा प्रश्न सजावटीचा नसून नीतीचा आहे, आणि अचूक तपशिलाने तो सुटत नाही. उलट अधिक बिकट होतो.

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कुणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि तो जसा आहे तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. मग तो ऋषी असो की म्लेच्छ. म्हणजे अटी दोन: जाणकारी आणि सचोटी. कादंबरीकार घटिकापात्र हुबेहूब उभे करतो, तेव्हा पहिली अट पुरी झाल्याची खूण वाचकाला पटते आणि दुसरी तो नकळत गृहीत धरतो. ज्याला वाटीचे भोकसुद्धा ठाऊक, त्याला त्या रात्री महालात काय बोलणे झाले तेही ठाऊक असणार! खरा तपशील असा कल्पित प्रसंगाला जामीन राहतो. म्हणून अभ्यास जितका पक्का, तितकी लेखकाची जबाबदारी मोठी.

संभाजीराजांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. औरंगजेबाने त्यांना १६८९ मध्ये ठार केले. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. लेखक शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातला आणि बाळाजींना संभाजीराजांनीच देहान्त शासन दिलेले. चिटणिसी घरातच असल्यामुळे दरबाराचे रीतिरिवाज या बखरकाराला चांगले अवगत होते. जाणकारी होती, पण या एका राजाविषयी त्याची लेखणी निःपक्ष राहिली असेल, असे मानणे कठीण. तरीही व्यसनी, बेताल राजाचे बखरींतले चित्र पुढे नाटक-कादंबऱ्यांत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या खरे मानले गेले. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घकाळ कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे त्या चित्राची फेरतपासणी जोमाने सुरू झाली. आज उलट टोकाला जाऊन राजांना निर्दोष ठरवणाऱ्या लेखनालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, कादंबरी ही कादंबरी आहे. वाचकाला ते कळते. कळते, पण पुस्तक मिटल्यावर कोणता प्रसंग कागदपत्रांतला आणि कोणता कल्पनेतला, ही वर्गवारी कुणाच्या ध्यानात राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुराव्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, तर ज्यांची नोंदच झाली नाही त्या कुळंबिणी, बटकी, हुजरे यांना साहित्यात जागा कुठली? त्यांना जागा द्यायची तर कल्पनेवाचून गत्यंतर नाही, आणि तिथे तिला मोकळीक असावीच. माझे म्हणणे कल्पनेविरुद्ध नाही, भाराच्या वाटणीबद्दल आहे. फोडणीतल्या मिरचीने कुणाची अब्रू जात नाही. नाव-गाव असलेल्या मृत माणसावर विश्वासघात, व्यभिचार किंवा भेकडपणा चिकटवला, तर त्याला खुलासा करता येत नाही. तेव्हा आरोप जितका गंभीर तितका पुरावा भक्कम हवा. आणि पुरावा म्हणून साक्षीदार पुढे आणायचा तर तो कोण, कधी लिहीत होता आणि त्याचे कुणाशी वैर होते, हे तपासणे हाच संशोधनाचा गाभा मानायला हवा. भांडी, वस्त्रे, पदार्थ यांच्या याद्या त्यानंतर.