भूक, निग्रह आणि परदेशची शस्त्रक्रिया

मनुष्याचे बहुतेक दुर्गुण असे आहेत कीं, ते झांकून ठेवतां येतात. लोभी मनुष्य दानशूर म्हणून मिरवूं शकतो, मत्सरी मनुष्य गोड बोलूं शकतो, आणि आळशी मनुष्य व्यासंगी म्हणून प्रसिद्धीस आल्याचीं उदाहरणें तर आमच्या प्राध्यापकवर्गांतच कमी नाहींत. खादाडपणा हा एकच दुर्गुण असा समजला जातो कीं, त्याची साक्ष देह चारचौघांत उघडपणें देत असतो. 'समजला जातो' असें आम्ही मुद्दाम म्हणतों. स्थूल देह दिसला कीं त्यामागें असंयम असलाच पाहिजे, हें अनुमान जितकें सार्वत्रिक आहे तितकें तें सिद्ध मात्र नाहीं. आणि आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा, तो सगळा याच अनुमानाच्या पायावर उभा आहे. वजन उतरविण्याकरितां पोटावर शस्त्रक्रिया करून घेणें, आणि तीही स्वदेश सोडून परमुलखांत जाऊन करून घेणें, हें नीतिदृष्ट्या कितपत योग्य?

प्रश्न काल्पनिक नाहीं. अमेरिकेंतील सॅन डिएगो शहराला लागून मेक्सिकोची सरहद्द आहे आणि सरहद्दीला लागूनच पलीकडे तिहुआना नांवाचें शहर आहे. या एका शस्त्रक्रियेसाठीं तेथें हजारों अमेरिकन माणसें जातात. इंग्रज याच कामासाठीं इस्तंबूलला जातात. स्वदेशीं जो खर्च यावयाचा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यांत तेथें काम भागतें. अमेरिकेंत पुष्कळ विमा कंपन्या हा खर्च देत नाहींत, आणि ज्या देतात त्यांपैकीं कित्येक आधीं कांहीं महिने वैद्यकीय देखरेखीखालीं पथ्य केल्याचा पुरावा मागतात. इंग्लंडांत सरकारी खर्चानें करावयाचें म्हटल्यास रांग फार लांब. शस्त्रक्रियेचे प्रकार अनेक आहेत. आज सर्वांत अधिक चालणाऱ्या प्रकारांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कायमचा कापून काढतात व केळ्याएवढी एक अरुंद नळी तेवढी मागें ठेवतात. तिहुआनांतील रुग्णालयें रुग्णाला सॅन डिएगोच्या विमानतळावरून मोटारीनें नेतात, दोन रात्री रुग्णालयांत व एखाद-दुसरी रात्र हॉटेलांत ठेवतात, आणि पुन्हां विमानतळावर आणून सोडतात. यात्रा कंपनीनें काशी-प्रयाग करून आणावें, तसा सगळा बंदोबस्त असतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें असाच बेत जवळजवळ कायम केला होता. ती टेक्सास प्रांतांत नोकरीनिमित्त कित्येक वर्षें राहते. तिची आई सांगलीस असते. गेल्या वर्षीं तिनें आम्हांस लांबलचक पत्र लिहून दोन प्रश्न विचारले. पहिला असा: 'सर, ही पळवाट आहे का?' आणि दुसरा: 'आईला सांगावें कीं परत आल्यावर सांगावें?' पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा दिसतो आणि दुसरा घरगुती. परंतु आमच्या मतें दुसराच अधिक अवघड आहे. पहिल्यापासून आरंभ करूं.

पळवाट म्हणावयाची तर मुख्य वाट कोणती, हें आधीं ठरविलें पाहिजे. मुख्य वाट म्हणजे निग्रह, असें उत्तर कोणीही देईल. आतां १९४४-४५ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठांत झालेला एक प्रयोग पाहावा. महायुद्धामुळें उपासमार झालेल्या युरोपांतील लोकांना पुन्हां अन्नावर कसें आणावें, हें समजून घेण्यासाठीं अन्सेल कीज या शास्त्रज्ञानें छत्तीस तरुणांस सहा महिने अर्धपोटीं ठेवलें. हे तरुण कोण होते? सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धांत शस्त्र धरण्यास ज्यांनीं नकार दिला होता, आणि तरीही देशाच्या कांहीं उपयोगीं पडावें म्हणून जे स्वखुषीनें या प्रयोगांत आले होते, असे ते लोक होते. बहुजनसमाज युद्धाच्या आवेशांत असतां एकट्यानें 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य ज्यांच्या अंगीं होतें, त्यांच्या मनोबलाविषयीं शंका घेण्याचा अधिकार आम्हां तुम्हांस नाहीं. या माणसांचें पुढें काय झालें? तीं ताटें चाटूं लागलीं. पाकशास्त्राचीं पुस्तकें पोथीसारखीं वाचूं लागलीं. अन्नावांचून दुसऱ्या कशांतही त्यांचें मन रमेना. कांहींजणांनीं नियम मोडून चोरून खाल्लें. आणि उपासाची मुदत संपल्यावर कित्येकांना पुष्कळ खाऊनही पोट भरल्यासारखें वाटेना. युद्धविरोधाच्या तत्त्वापासून जीं ढळलीं नव्हतीं, तीं माणसें भाकरीच्या तुकड्यापाशीं डळमळलीं.

येथें कोणी म्हणेल कीं, तीं माणसें मुळांत सडपातळ होतीं. लठ्ठ मनुष्यानें चार घांस कमी खाल्ले तर त्याची उपासमार थोडीच होते? आक्षेप रास्त आहे. परंतु २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें झालेल्या एका अभ्यासांत स्थूल माणसांचें वजन कडक पथ्यानें उतरवून वर्षभरानंतर त्यांच्या रक्ताची परीक्षा केली, तेव्हां भूक वाढविणारे स्राव वाढलेलेच आढळले. शरीराला आपलें गमावलेलें वजन चोरीस गेलेल्या मालासारखें वाटतें व तें परत मिळेपर्यंत तें फिर्याद मागें घेत नाहीं. ज्याची भूक अशी नित्य फिर्याद करीत नाहीं, त्यानें तिच्यावर विजय मिळविल्याचा तोरा मिरवूं नये. आम्ही स्वतः कृश आहों. पण त्यांत आमचा पराक्रम शून्य आहे. आम्हांस जेवणाची आठवण करून द्यावी लागते, इतकेंच.

ॲरिस्टॉटलनें संयमी आणि निग्रही यांमध्यें केलेला भेद येथें उपयोगी पडतो. निग्रही मनुष्याला वासना छळते आणि तो तिला दाबतो. संयमी मनुष्याला ती मर्यादेबाहेर छळतच नाहीं. दोहोंत श्रेष्ठ संयमी, असें त्या तत्त्ववेत्त्याचें मत. आतां गंमत अशी कीं, वर सांगितलेल्या शस्त्रक्रियेंत जठराचा जो भाग काढून टाकतात, त्याच भागांत भूक चेतविणारा एक प्रमुख स्राव मोठ्या प्रमाणावर तयार होतो. त्यामुळें पुष्कळ रुग्णांची भूक निदान कांहीं काळ तरी आपोआप मंदावते. मग शस्त्रवैद्यानें तासाभरांत निग्रही मनुष्याचा संयमी मनुष्य केला म्हणावयाचें काय? अर्थातच नाहीं, सद्गुण सवयीनें व निवडीनें येतो, असें ॲरिस्टॉटलच सांगतो. पण मग जन्मतःच मंद भूक लाभलेल्या मनुष्यालाही आपण सद्गुणी म्हणतां कामा नये. एकाला निसर्गानें दिलें, दुसऱ्यानें वैद्याकडून घेतलें. पहिल्याची स्तुति आणि दुसऱ्याची निंदा, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. जीं नवीं इंजेक्शनें अलीकडे आपल्या शहरांतही मिळूं लागलीं आहेत, त्यांच्या बाबतींतही आमचें म्हणणें हेंच.

शिवाय आपली दुर्बलता ओळखून आधींच स्वतःला बांधून घेणें हेंही शहाणपणाचेंच एक रूप आहे. ग्रीक महाकाव्यांतील युलिसीस मायाविनींचें गाणें ऐकूं येण्याआधींच डोलकाठीला स्वतःला बांधून घेतो. त्याला कोणी भित्रा म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. आपलीं व्रतें तरी दुसरें काय आहेत? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण निघाली याचा अर्थ एवढाच कीं, आपल्या पूर्वजांनाही दोरीची गांठ सैल करण्याची कला अवगत होती.

ही गांठही सैल होऊं शकते, हें मात्र विसरूं नये. शस्त्रक्रियेनंतर जन्मभर थोडथोडें, चावून चावून खावें लागतें. जीवनसत्त्वें व लोह यांचीं औषधें नियमानें घ्यावीं लागतात. आणि कांहींचें वजन वर्षांमागून वर्षें हळूहळू पुन्हां वाढूं लागतें. स्वीडनमध्यें १९८७ पासून सुमारें चार हजार लोकांवर झालेल्या दीर्घ अभ्यासांत, शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचें प्रमाण न केलेल्यांपेक्षां कमी आढळलें, हें खरें. लाभ मोठा आहे. पण तो परिश्रमांतून सुटका करणारा नाहीं. तेव्हां 'पळवाट' हा शब्द आम्ही खोडून टाकतों.

आतां परदेशाविषयीं. परदेशचा वैद्य वाईट आणि आपला चांगला, असें मानण्यास आधार नाहीं. तिहुआनांत निष्णात शस्त्रवैद्य आहेत. तथापि अंतर ही वस्तुच अशी आहे कीं, ती चांगल्या वैद्यालाही अर्धा वैद्य करून टाकते. जठराच्या शिवणींतून गळती होण्याचा जो मोठा धोका, तो पुष्कळदां कांहीं दिवसांनीं, कधीं कधीं दोन आठवड्यांनींही प्रकट होतो. आणि तेव्हां रुग्ण हजारों मैल दूर आपल्या घरीं असतो. लांबच्या विमानप्रवासांत पायांत रक्त साकळण्याची भीति असते, ती वेगळीच. गांवचा वैद्य दुसऱ्याच्या हातची शिवण उसवण्यास नाखूष, कारण आंत काय केलें आहे याचे कागद त्याच्यापुढें नसतात. आणि मूळ वैद्य सरहद्दीपलीकडे. २०१८-१९ च्या सुमारास तिहुआनाहून वजन उतरवून परतलेल्या कांहीं अमेरिकनांना औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची बाधा झाली व अमेरिकन सरकारनें प्रवाशांना तसा इशारा दिला. २०२३ सालीं तुर्कस्तानांत जठरांत विषद्रव्याचीं इंजेक्शनें घेऊन आलेले कित्येक युरोपियन लोक जर्मनी वगैरे देशांत पक्षाघातासारख्या विकारानें आजारी पडले. खर्च वाचला तो रुग्णाचा. पुढचा भार पुष्कळदां स्वदेशच्या सार्वजनिक रुग्णालयावर पडला.

यजमान देशाचीही एक नीति असते, आणि ती आम्हां महाराष्ट्रीयांना परकी नाहीं. २०१७ च्या फेब्रुवारींत इजिप्तमधून एक स्त्री खास तजवीज केलेल्या विमानानें मुंबईस आणली गेली. तिचें वजन पांचशे किलोच्या घरांत असल्याचें प्रसिद्ध झालें होतें. मार्चांत शस्त्रक्रिया झाली. तिचें वजन किती उतरलें, याचे आंकडे वृत्तपत्रांतून धांवत्या सामन्याच्या धांवसंख्येसारखे येत होते. पुढें तिचे नातलग आणि रुग्णालय यांच्यांत जाहीर वाद झाला. मे महिन्यांत तिला अबू धाबीस नेलें आणि सप्टेंबरांत ती वारली. कोणाची बाजू खरी, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. ज्या देहाविषयीं सगळे बोलत होते, त्या देहाची धनीण मात्र त्या सगळ्या कोलाहलांत जवळजवळ मुकीच राहिली, एवढें आम्हांस त्यावेळीं बोंचलें होतें.

आणि येथूनच आम्ही त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतों. इतक्या दूर लोक केवळ पैशासाठीं जातात असें नाहीं. कित्येकांना कोणाला न कळतां जावयाचें असतें. सुटीवर गेलों होतों, असें सांगतां येतें. हें लपविण्याची गरज कोणी उत्पन्न केली? एके काळीं 'खात्यापित्या घरची' हें कौतुक होतें. आतां लग्नकार्यांत भेटणारी प्रत्येक मावशी-आत्या कुशल विचारण्यापूर्वीं 'किती गं सुटलीस!' म्हणते. शस्त्रक्रिया केली तर 'सोपा मार्ग घेतलास', न केली तर 'जिभेवर ताबा नाहीं'. अशा न्यायसभेपुढें कैफियत देण्यास कोणीही बांधलेला नाहीं, आणि या बाबतींतील मौनाला आम्ही असत्य म्हणत नाहीं.

परंतु आई ही त्या न्यायसभेंतली नव्हे. आम्ही विद्यार्थिनीस लिहिलें तें असें: तिहुआनाच्या रुग्णालयांतील कागदावर 'निकटचा नातलग' म्हणून ज्याचें नांव तूं लिहिशील, त्याला तें नांव लिहिल्याचें आधीं ठाऊक असलें पाहिजे. मध्यरात्रीं फोन वाजला तर सांगलीस बसलेल्या सत्तरीच्या बाईनें मेक्सिको हा शब्द प्रथमच ऐकावा, हा अन्याय आहे. तिला काळजी करण्याचा हक्क आहे आणि 'जाऊं नको' म्हणण्याचाही. ती तसें म्हणाली तरी तूं जाऊं शकतेस. न विचारतां गेलीस तर तिनें काय म्हटलें असतें, हें मात्र कायमचें अज्ञात राहील. याखेरीज तिला बारीकसारीक गोष्टी लिहिल्या: एकटीनें जाऊं नये, चार दिवसांत परतण्याची घाई न करतां सॅन डिएगोस आठवडाभर तरी राहावें, शस्त्रक्रियेचे सर्व कागद इंग्रजींत मागून घ्यावेत, आणि पुढें तपासणी करण्यास कबूल असलेला टेक्सासचा वैद्य निघण्यापूर्वींच गांठावा, न मिळाल्यास तिकीट काढूं नये. तिचें उत्तर आलें कीं, असा वैद्य शोधण्यास तिला सात आठवडे लागले. चौघांनीं नाहीं म्हटलें, पांचव्यानें हो म्हटलें. आईला तिनें त्याआधींच सांगितलें होतें. आईनें पहिल्यांदा विचारलें तें, तेथें तुझ्यासाठीं मऊ भात कोण करील.