फोटो काढल्यानंतर



गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत गुडघाभर पाणी भरले होते. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी डोक्यावर गादी घेऊन वाट काढीत होत्या. मी खिडकीतून फोटो काढला. तो सुरेख आला, पुष्कळांनी कौतुक केले. रविवारी मिस्सानंतर मी तो मावशींनाही दाखवला. त्या हसून म्हणाल्या, "अरे, म्हणजे तू तेव्हा घरीच होतास?"

१९९३ साली केविन कार्टर या छायाचित्रकाराने सुदानमध्ये भुकेने कोसळलेले मूल आणि मागे बसलेले गिधाड टिपले. गिधाडाला त्याने हुसकावले. १९९४ साली त्या फोटोला पुलित्झर पारितोषिक मिळाले; पण 'त्या मुलासाठी तू काय केलेस?' हे लोक विचारीत राहिले. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या फोटोने निदान जगाचे लक्ष सुदानकडे वळले. माझ्या फोटोने फक्त मला वाहवा मिळाली.

लूकच्या शुभवर्तमानात (१०:२५-३७) याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांनीही जखमी माणसाला पाहिले. दोघे पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले, तिसरा जवळ गेला.

फोटो काढणे पाप नव्हे. देवाची सृष्टी आणि माणसांचे कष्ट त्यामुळे आठवणीत राहतात. पण बटण दाबण्याआधी आता मी स्वतःला विचारतो : इथे माझ्या हाताची गरज आहे का? असेल, तर कॅमेरा खिशात.

प्रभू आपणांस पाहणारे डोळे आणि जवळ जाणारे पाय देवो.