बंद पेटीतले कारण

पर्वतावरचा धूर पाहून तेथे अग्नी असलाच पाहिजे असे म्हणणाऱ्या नैयायिकाच्या पाठीशी स्वयंपाकघराचा भक्कम आधार असतो. चुलीपाशी त्याने धूर आणि अग्नी एकाच वेळी, एकाच ठिकाणी, पुन्हा पुन्हा पाहिलेले असतात, आणि त्या साहचर्याच्या जोरावरच दूरच्या, न दिसणाऱ्या अग्नीविषयी तो निःशंकपणे बोलू शकतो. परंतु अग्नी दृष्टीस पडताच जो नाहीसा होतो आणि जो आहे तोवर अग्नी कोणालाही दिसूच शकत नाही, असा एखादा धूर असेल, तर त्या दोहोंची व्याप्ती कोणत्या महानसात शिकावयाची? हा प्रश्न तर्कपंडितांच्या रिकामपणाचा वाटेल. पण मोटारीच्या गिअरबॉक्समधून येणाऱ्या आवाजाचे मूळ शोधणाऱ्या मिस्त्रीपुढे तो रोज उभा असतो. आवाज येतो तो पेटी बंद असून आतले दाते फिरत आहेत तोवरच. पेटी उतरवून उघडली, की बेअरिंगच्या कडीवरचा खड्डा दिसतो खरा, पण त्या वेळी तो मुका असतो. दोष आणि त्याची खूण एकत्र हजर अशी कोणाच्याच डोळ्यांना किंवा कानांना सापडत नाहीत.

येथे मी डोळ्यांपुढे ठेवली आहे ती उत्तरपाड्याच्या अॅम्बेसॅडरच्या किंवा कुर्ल्याच्या फियाटच्या घराण्यातली मोटार: इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, पुढे जाण्याचे चार गिअर, आणि त्यांतला चौथा सरळ, म्हणजे इंजिनाची गती दात्यांच्या मध्यस्थीवाचून प्रॉपेलर शाफ्टपर्यंत पोहोचविणारा. ह्या घराण्याची निवड करण्याचे कारण इतकेच, की त्यातल्या मोटारीची अंगे एकामागून एक, लांबच लांब मांडलेली असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात कोंबलेली असल्यामुळे तपासाला जागाच थोडी उरते.

अनुमानाला प्रमाण मानू नये असे म्हणणारा पूर्वपक्ष न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात येतो, आणि तो मोठा चतुर आहे. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला असे म्हणावे, तर पाणी मध्येच अडल्यानेही नदी फुगते; मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार असे म्हणावे, तर वारूळ मोडल्यानेही त्या निघतात; मोराचा शब्द ऐकून मोर आहे असे म्हणावे, तर मनुष्यही तसा शब्द काढू शकतो. ह्यांतले तिसरे उदाहरण आमच्या प्रकरणाशी थेट भिडणारे आहे. उंचसखल झिजलेल्या टायरची घूंघूं आणि चाकाच्या खराब बेअरिंगची घूंघूं ही अनोळखी कानाला एकच वाटते, आणि ह्या एका साम्यापायी किती धडधाकट बेअरिंगे भंगारात गेली असतील ह्याची गणती नाही. ह्यावर न्यायपक्षाचे उत्तर असे, की चूक अनुमानाची नसून अनुमान करणाराची आहे; त्याने शब्द ऐकला, पण शब्दाचा विशेष ऐकला नाही. भाष्यकार वात्स्यायन तर येथे सर्पाचा दाखला देतो, कारण सर्प मोराचा शब्द त्याच्या विशेषासह ओळखतो. मोराच्या शब्दाविषयी ज्याला प्राणाची किंमत मोजावी लागते त्याचा कान फसत नाही, असा ह्या दाखल्याचा आशय मी घेतो, आणि तो मला फार मार्मिक वाटतो.

तो विशेष कोणता, हे यंत्राच्या बाबतीत गणितानेही सांगता येते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या वीस दात्यांच्या चाकाचे दाते सेकंदाला हजार वेळा भिडतात, आणि म्हणून दात्यांचा आवाज हा स्वच्छ, गाता सूर असतो व गतीबरोबर तो चढत-उतरत जातो. बेअरिंगच्या स्थिर बाहेरच्या कडीवर पडलेल्या खड्ड्यावरून मात्र, नऊ छर्रे असतील तर, शाफ्टच्या एका फेऱ्यात सुमारे ३.६ छर्रे जातात. ही संख्या पूर्णांकात बसत नाही, त्यामुळे तो आवाज कोणत्याच चाकाच्या सुरात सूर मिळवीत नाही, तो नुसता घरघरतो. मिस्त्रीला हा अपूर्णांक ठाऊक नसतो. पण गाणारा आवाज आणि घरघरणारा आवाज ह्यांतला भेद त्याच्या कानात पक्का बसलेला असतो.

आणखी एक विवेक ह्याच्याही आधी करावा लागतो, तो विकार आणि स्वभाव ह्यांचा. रिव्हर्स गिअरचा रडका सूर ऐकून नवा मालक घाबरतो. परंतु त्या चाकांचे दाते सरळ कापलेले असतात आणि पुढच्या गिअरांचे बहुधा तिरपे, म्हणून पुढचे दाते एकमेकांत हळूहळू शिरतात आणि मागचे एकदम आदळतात, एवढेच त्याचे कारण. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू असता येणारी बारीक खडखडदेखील पुष्कळदा निर्दोषच असते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर त्या मिनिटात त्याला १६०० धक्के बसतात, आणि भार नसलेले दाते त्या धक्क्यांसरशी आपापल्या फटीत पुढेमागे आपटत राहतात.

आता क्लचच्या पेडलकडे वळावे, कारण ह्या शास्त्राचा सगळा अन्वय-व्यतिरेक त्या एका पेडलवर अवलंबून आहे. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय पेडलवरून काढलेला, अशा अवस्थेत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरत असतो, त्याने फिरविलेला काउंटर शाफ्ट फिरत असतो, आणि मेन शाफ्टवर मोकळी बसविलेली चाकेही त्याबरोबर वांझ फिरत असतात. पेडल तळापर्यंत दाबले, की क्षणभरात हे सगळे थांबते. म्हणून जो आवाज पेडल दाबताच नाहीसा होतो तो क्लचच्या पलीकडचा, आणि जो पेडल दाबल्यावरच जन्मास येतो तो अलीकडचा, असा ढोबळ निवाडा करतात, आणि तो बहुधा बरोबर असतो.

पण ह्या 'बहुधा'मध्येच उपाधीचा, म्हणजे हेतूआड लपलेल्या अटीचा, प्रश्न दडून बसला आहे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकलेल्यांना ओल्या सर्पणाचे उदाहरण आठवत असेल: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, धूर येतो तो ओल्या सर्पणाच्या संयोगाने, आणि तो संयोग हेतूच्या सर्व ठिकाणी नसतो. परीक्षेपुरता पाठ केलेला हा भाग भारतीय तर्कशास्त्रातला सर्वांत व्यवहारी भाग आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पेडल दाबणे ही दिसावयास एक क्रिया, पण तिच्या पोटात चार घटना एकदम घडतात. गिअरबॉक्सचे शाफ्ट थांबतात. क्लचच्या बेअरिंगवर भार येतो. फ्लायव्हील फिरत असून इनपुट शाफ्ट थांबल्यामुळे, एरवी दोहोंबरोबर एकजुटीने फिरणाऱ्या पायलट बेअरिंगच्या दोन कड्यांत प्रथमच सापेक्ष गती उत्पन्न होते. आणि क्रँकशाफ्ट पुढच्या बाजूस रेटला जाऊन त्याच्या थ्रस्ट वॉशरांवरही दाब येतो. पेडल दाबल्यावर आवाज आला, तर ह्या चौघांपैकी जाब कोणास विचारावयाचा?

जाणता मिस्त्री येथे ती एक क्रिया फोडून तिचे टप्पे पाडतो. तो पेडलवर पाय नुसता टेकवितो, इतका हलका, की क्लचचे बेअरिंग फिरू लागावे पण क्लच सुटू नये. एवढ्यानेच किंचाळी उठली तर दोष त्या बेअरिंगचा. ती उठली नाही, तर पेडल पूर्ण दाबून तो गिअर टाकतो, म्हणजे इनपुट शाफ्ट उभ्या गाडीच्या चाकांशी जखडला जाऊन पुरता स्थिर होतो. आवाज तेव्हाच येत असेल तर संशय पायलट बेअरिंगकडे जातो. ज्या ठिकाणी दोन कारणे एकाच हालचालीत बांधलेली आहेत तेथे त्या हालचालीचे आणखी सूक्ष्म भाग करावयाचे, ही युक्ती कोणत्याही ग्रंथात उपाधिनिरासाचा प्रकार म्हणून मी वाचलेली नाही, परंतु ती नेमकी तीच आहे.

गाडी रस्त्यावर आणल्यानंतरचे प्रकरण त्या मानाने सोपे. जो आवाज इंजिनाच्या गतीशी बांधलेला तो पुढचा, जो चाकांच्या गतीशी बांधलेला तो मागचा. पहिल्या तीन गिअरांत भाराखाली येणारा आवाज सरळ असलेल्या चौथ्यात मंदावला तर काउंटर शाफ्टची बेअरिंगे संशयित, कारण चौथ्यात तो शाफ्ट फिरतो पण त्याच्यावर ओझे नसते. गॅस देताना एक सूर आणि पाय काढताच दुसरा, असे असेल तर क्राउन-पिनियनकडे पाहावे. उजवीकडे वळताना घरघर वाढली तर डाव्या चाकाचे बेअरिंग, कारण वळणाचा भार बाहेरच्या चाकावर जातो. आणि गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्यावर येताच जी घूंघूं पालटली ती बहुतकरून टायरची.

गाडी सुरू करताना किंवा गॅस सोडून पुन्हा देताना पाठीमागे होणाऱ्या 'ठक्' ह्या एका आवाजाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ह्या आवाजाला एक कारण पुष्कळदा नसतेच. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये थोडी ढिलाई, त्याच्या खाचांत थोडी, क्राउन-पिनियनच्या दात्यांत थोडी, अॅक्सलच्या टोकाशी थोडी, अशा सगळ्या फटी एकाच क्षणी मिटतात आणि कानाला एकच ठोका ऐकू येतो. क्रॉस बदलला तर ठोका अर्धा होतो, जात नाही. आणि मालक म्हणतो, मिस्त्रीने चुकीचा भाग बदलला. नवव्या शतकातला काश्मिरी नैयायिक जयंतभट्ट न्यायमंजरीत कोणत्याही एका घटकाला श्रेष्ठ न मानता संपूर्ण सामग्रीलाच करणत्व देतो; विहिरीत पाणी कोणत्या झऱ्याचे असे विचारणाऱ्याला जसे उत्तर देता येत नाही, तसेच येथे कोणा एकास आरोपी म्हणून उभे करता येत नाही. मालकाची तक्रार ही खरे म्हणजे एककारणवादाची तक्रार आहे, आणि ती ऐकून घेण्यापलीकडे मिस्त्रीजवळ उपाय नसतो.

पेटी उघडून प्रत्यक्ष पाहिले म्हणजे शंका मिटेल, ही समजूत लोकांत रूढ आहे, आणि तिच्यामागे प्रत्यक्ष हे अनुमानाहून श्रेष्ठ असा जुना विश्वास आहे. येथे तो विश्वास टिकत नाही. उघडल्यावर खड्डा पडलेली एक कडी, टोक झिजलेला एक दाता, निळसर पडलेला एक बुश, असे तीन दोष दिसले, तर आवाज कोणाचा होता हे डोळे सांगू शकत नाहीत. डोळ्यांनी दिलेली साक्ष खरी, पण ती दुसऱ्याच मुद्द्यावरची. बेअरिंग हातात घेऊन बोटाने फिरविले तर किरकिर जाणवते, तेथे दोष आणि आवाज एकत्र भेटले की नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो आक्षेप वजनदार आहे. परंतु बोटाच्या भाराखालची किरकिर आणि धावत्या गाडीच्या भाराखालची घरघर ह्या दोन वस्तू एकच आहेत, हे पुन्हा अनुमानानेच ठरवावे लागते. राहतो तो एकच मार्ग: कडी बदलावी, पेटी मिटवावी, गाडी चालवावी, आणि आवाज गेला की नाही ते ऐकावे. कारण काढून घेतले असता कार्य नाहीसे होते, एवढेच येथे ज्ञान. कारणासह कार्य पाहिल्याचा अन्वय हाती लागत नाही. नैयायिकांच्या केवलव्यतिरेकी अनुमानाशी ह्याचे जवळचे नाते आहे, जरी काटेकोर पंडित त्याला तसे नाव देणार नाहीत. मीमांसक तर त्या प्रकाराला अनुमानच मानीत नाहीत, अर्थापत्ती म्हणतात. चरकाने विमानस्थानात हाच मार्ग वैद्याला दाखविला आहे: ज्या रोगाची लक्षणे गूढ असतील त्याची परीक्षा उपशयाने आणि अनुपशयाने, म्हणजे काय दिल्याने बरे वाटते आणि काय दिल्याने वाटत नाही ह्यावरून करावी.

अडचण अशी, की उपशयाची ही परीक्षा एका वेळी एकच औषध दिले तरच खरी ठरते, आणि गॅरेजात तसे क्वचितच होते. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी भागांच्या किमतीला भारी पडते, म्हणून एकदा तो उतरलाच आहे तर क्लच प्लेट, क्लचचे बेअरिंग, पायलट बेअरिंग, ऑइल सील हे सगळे एकदमच बदलून टाकावे असा रिवाज आहे, आणि खर्चाच्या दृष्टीने तो सर्वस्वी शहाणपणाचा आहे. शिवाय ऑइलही नवे पडते. गाडी आवाजाविना बाहेर पडते, परंतु कोणत्या भागाने तो आवाज केला होता हे आता कोणालाच, कधीच कळणार नाही. शंकेला मर्यादा आहे, ती आपल्याच आचरणाशी विरोध येईपर्यंतच टिकते, असे चार्वाकाला उत्तर देताना न्यायकुसुमांजलीत उदयनाचार्य म्हणतात. तृप्तीसाठी अन्न घेणारा मनुष्य अन्न आणि तृप्ती ह्यांच्या संबंधाविषयी खरोखर साशंक असू शकत नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात उदयनांचेच शब्द थोडे फिरवून त्यांच्यावर उलटविले: विरोध असेल तर शंका आहेच, कारण शंकेवाचून विरोध तरी कोणाशी? माझा कल एरवी उदयनांकडे आहे. चार भाग एकदम बदलणारा मिस्त्री आचरणाने काहीच खोटे करीत नाही. आवाज ह्या चौघांपैकी कोणातून तरी येतो हे त्याने निश्चित मानले आहे आणि त्या निश्चयावर मालकाचे पैसेही लावले आहेत. परंतु चौघांपैकी कोण, ही शंका त्याच्या आचरणाशी कोठेच टक्कर घेत नाही, आणि जी टक्कर घेत नाही तिला थांबविण्याचे साधन उदयनांच्या युक्तिवादात नाही. तेवढ्या पट्ट्यात श्रीहर्षाचा ताबा मान्य करावा लागतो. जुन्या मिस्त्र्यांपैकी काहीजण उतरविलेले भाग फेकून न देता डब्यात घालून मालकाच्या स्वाधीन करतात, पण ते चोरी झाली नाही ह्याचा पुरावा म्हणून; त्यांवरून दोषाचा निकाल लागेल अशी त्यांची स्वतःचीही अपेक्षा नसते.