डाग खाली, गळती वर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पावसाळा आला की ओल येते, आणि ओलीबरोबर शेजाऱ्यांचे वादही येतात. या आठवड्याचं चिंतन त्यावरच आहे, कारण यंदा हा प्रसंग आपल्याच मंडळात घडला.

आबिड्समधल्या एका अपार्टमेंटमध्ये खाली-वर राहणारी आपली दोन कुटुंबं. खालच्यांच्या देवघराच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. वरचे म्हणाले, "आमचं बाथरूम तर कोरडं खडखडीत आहे!" बोलणं बंद झालं. गुरुवारच्या उपासनेला एक घर आलं की दुसरं येईना.

खरं तर दोघंही खोटं बोलत नव्हते. पाणी जिथून शिरतं, तिथेच खाली टपकतं असं नाही. ते फरशीच्या सांध्यांतून उतरतं, स्लॅबमधून वाट काढतं आणि भलत्याच ठिकाणी डाग दाखवतं.

शेवटी मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही घरच्यांना मेस्त्रीसोबत वरच्या बाथरूममध्ये एकत्र उभं केलं. जाळीत बोळा घट्ट बसवून पाणी तुंबवलं, पातळीवर खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली गेलेलं दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं. मग भांडायला उरलं काय? जाळीभोवतीचा सांधा उघडून दुरुस्त केला, पुन्हा पाणी तुंबवून खात्री केली. खर्चाचं बोलणंही शांतपणे झालं.

आता खालची भिंत तशीच ठेवली आहे. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही. आतलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन वर येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि नवा रंगही आतून ढकलून पाडतात. मनाचंही असंच नाही का? आत राग मुरलेला असताना वरवर "जाऊ द्या हो" म्हटलं, तर चार दिवसांनी पुन्हा पोपडे निघतात.

आपल्या शहराचंच उदाहरण घ्या. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, हजारो माणसं गेली. त्यानंतर निझाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी बुडालेल्या वस्त्यांपुरताच विचार केला नाही. पाणी येतं कुठून ते पाहिलं आणि शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवायला सांगितलं. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडीपेट, आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. ज्या पाण्याने शहर बुडवलं, तेच पाणी पुढे शहराने प्यायलं.

सद्गुरू आपल्याला नामाला बसवतात ते याचसाठी. नाम घेताना मन थोडं स्थिर होतं आणि राग नेमका कुठून झिरपतोय ते दिसू लागतं. सुनेच्या एका शब्दावर आपण चिडतो, पण उगम कधी कधी वीस वर्षांपूर्वीच्या अपमानात असतो. डाग सुनेवर दिसतो, गळती दुसरीकडेच असते.

या आठवड्याचा संकल्प:

१. ज्यांच्याशी अबोला आहे, त्यांना स्वतःहून एक फोन.
२. "चूक कोणाची?" याआधी "सुरुवात कुठून झाली?" हे विचारणं, तेही सोबत बसून.
३. रोज एक माळ त्यांच्या नावाने.

आणि घरात ओल दिसली, तर त्या भागाची वीज आधी बंद करा. ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका.

सर्वांच्या घरी आणि मनी कोरडेपणा नव्हे, ओलावा राहो. फक्त तो भिंतीत नको!

आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर पाठवा.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥